लुगड्यातलं पोहणं

मावशी कुणाला रामराम घालत नसे, ‘कशी आहेस’ म्हणून विचारतही नसे. बाई दिसली की तिचा एकच प्रश्न असायचा, “पोहता येते का?” समोर नवी नवरी असो, अंगणवाडीची ताई असो की मतं मागायला आलेली बाई असो, त्यात फरक नाही. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’च येई. मग ती बाई चूल पेटती ठेवून घराबाहेर पडली असावी, अशा नजरेने मावशी तिच्याकडे बघत राही. गावात तिला डबेवाली म्हणत. काहीजण डोकं फिरलेली असंही म्हणत, पण ते तिच्यापासून जरा लांब उभे राहून.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा माझ्या डोक्यावर पांढरी टोपी, छातीवर बिल्ला आणि हातात कोरा खराटा होता. मी पवनीच्या विणकरांच्या घरातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजचं सेवा शिबिर आसगावच्या पुढे, वैनगंगेच्या काठच्या एका मासेमारांच्या गावात पडलं होतं. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तलाव, आणि मधल्या रस्त्याने आम्ही घोषणा देत फिरत होतो. समाजमंदिरासमोर सरांनी भाषण सुरू केलं की, आम्ही गावाची सेवा करायला आलो आहोत. तेवढ्यात मासोळीची रिकामी टोपली काखेत धरून एक उंच, हडकुळी बाई पुढे आली.

“सर, ह्या पोट्ट्याईले पोहता येते का?”

सर म्हणाले, “मावशी, आपलं शिबिर स्वच्छतेचं आहे.”

“करा ना साफ. मंग रोवन्याच्या टाइमाले डोंगा उलटला, का आमचे मुर्दे साफ गावात आनू. बरं दिसन.”

आमच्यातल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. गावातलं कुणीच हसलं नाही. ते का हसले नाहीत हे शिबिर संपेपर्यंत मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी तिथे जाणं थांबवू शकले नाही. शिबिर संपलं, बिल्ले परत जमा झाले, फोटो छापून आले. मी मात्र पुढच्या रविवारी आसगावच्या एस.टी.त बसले.

‘सेवा’ या शब्दाचं तिला वावडं होतं. “सेवा देवाची कराचं वो. मले हात पायजे, हात,” असं म्हणून तिने पहिल्याच रविवारी मला कामाला लावलं. माझं नाव तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. मी ‘टोपीवाली’च राहिले. काम असं की पवनीतली हॉटेलं, भज्यांची दुकानं, लग्नाचे आचारी यांच्याकडून तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे डबे गोळा करायचे, झाकणं घट्ट आहेत का बघायचं आणि दोरीत ओवून गावात न्यायचे. पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायची तिची पद्धत होती. एस.टी.त माझ्याभोवती डब्यांचा खडखडाट सुरू झाला की कंडक्टर कपाळाला हात लावे. आमच्या आईने तर एक दिवस सरळच विचारलं, “काहून वो, भंगारवाल्यानं तुले ठेवून घेतलं का?”

आता नदीचं सांगते. त्या गावच्या बायका पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आणि पुढे मिरची तोडायला नदीपलीकडच्या शेतांवर मजुरीने जातात. जायचं ते डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून. आमच्या शिबिराच्या काही वर्षं आधी असाच एक डोंगा भर पाण्यात मध्यावर उलटला. वल्हवणारे पुरुष पोहून निघाले. बायकांमधून एकटी मावशी निघाली, कारण माहेरी भावांच्या मागे लागून ती लहानपणीच पोहायला शिकली होती. तिची मोठी जाऊ त्याच डोंग्यात होती. हे सगळं मावशीने मला एकदाच सांगितलं, तलावाच्या पाळीवर बसून मासोळी निवडताना, माझ्याकडे न बघता.

“तिनं माहा पदर धरला. धरनारच ना. मीही धरला असता. लुगडं भिजलं का धोंडा होते बाई, दोघीबी खाली चाललो. मंग मी लुगड्याची गाठ सोडली. लुगडं तिच्या हातात रायलं.” टोपलीतला एक मासा तिने उगाच या बाजूचा त्या बाजूला ठेवला. “मी काठाले लागली तं अंगावर झंपर अन् परकर. समदं गाव उभं होतं. जाऊ मेली ते गाव तेरवीपर्यंत बोललं. मी बिना लुगड्यानं निंगाली, ते आजूक बोलून रायलं.”

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, असं मला नंतर कितीजणांनी सांगितलं. मला संताप आला. तो अजून आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. मावशीलाही रडताना मी कधी पाहिलं नाही. ती म्हणायची, “दुःख करत बसली असती तं लोकाईले बरं वाटलं असतं.”

त्या दिवशी काठावरच्या माणसांतून एकजण गुडघाभर पाण्यात उतरला होता. त्याने आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड दुसरीकडे फिरवून तिच्या पाठीवर टाकला आणि पुन्हा पाण्याकडे बघत उभा राहिला. तो तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. जी बुडाली ती त्याचीच बायको. आमच्याकडे भासऱ्याशी बाई बोलत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. मावशी विधवा झाली, पोरींची लग्नं झाली, केस पिकले, तरी हा नेम तिने तंतोतंत पाळला. भासऱ्याशी ती एक शब्द बोलली नाही. जे बोलायचं ते ती म्हशीशी बोले.

मावशीच्या अंगणात बांधलेल्या या म्हशीचं नाव भुरी. भासऱ्याची सपरी, म्हणजे ओसरी, आणि मावशीचं अंगण यांच्यामध्ये नुसतं एक कुडाचं कुंपण. तो सपरीत जाळं दुरुस्त करत बसला की मावशी डोक्यावर पदर घेऊन भुरीसमोर उभी राही आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोले. “काय वो भुरे, सांग त्याईले. नात मोठी होऊन रायली. उद्या लग्न होईन, सासरची मानसं डोंग्यात बसवतीन. तिथं आजा येनार हाये का हात धराले? पाठव म्हना तिले तलावावर.” भुरी रवंथ करी. भासरा सुतळीला गाठ मारत राही. ऐकू येत असल्याची त्याची एकच खूण होती, गाठ मारताना तो दात ओठावर घट्ट रोवे.

तो वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्यामुळेच जास्त चीड यायची. बायको गेल्यापासून त्याचं म्हणणं पक्कं झालं होतं की बाईमाणसाने पाण्याच्या जवळ जाऊच नये. नातीला तो तलावावर पाय धुवायलाही जाऊ देत नसे. मावशीचं म्हणणं, जावं तर लागतंच, म्हणून पोहता यावं. दोघांचं दुःख एकाच डोंग्यातलं, पण त्याला घरातल्या बायका काठावर हव्या होत्या आणि हिला पाण्यात. शिवाय तो गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष होता. तलाव सोसायटीकडे, म्हणजे त्याच्याच शब्दात.

तलावाच्या पाळीवर त्या अपघातानंतर कुठल्याशा खात्याने एक फलक रोवला होता, ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’. डोंगा उलटला नदीत, मनाई झाली तलावात, आणि बुडू नये म्हणून बंदी आली ती पोहण्यावर. फलकामागची अक्कल मला आजवर उमगलेली नाही. मावशीला त्याचं काही नव्हतं. शिकवून झालं की ती ओलं लुगडं त्याच फलकावर पसरायची. “फलक चांगला हाये. वारं लागते.”

तिची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. पहिल्याच दिवशी मी पवनीहून टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून गेले. तिने मला पाण्याबाहेर काढलं. “हे घालून तू कॉलेजात जातेस का? लग्नात जातेस का? डोंग्यात बसतेस का?” मी नाही म्हटलं. “मंग? बुडताना कोनी कपडे बदलून बुडत नाई.” त्यामुळे तिच्याकडे सगळ्या जणी रोजच्या कपड्यांत शिकत. लुगडंवाल्या लुगड्यात, गाऊनवाल्या गाऊनवर ओढणी घेऊन, मी सलवार-कमीजमध्ये. हातपाय मारणं पुढचं. आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे, कुणीतरी मागून पदर ओढणार, आणि आपण एका हाताने गाठ सोडून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा गाठ सोडताना बायका लाजून चूर होत. हात गाठीवर जाई आणि तिथेच थिजे. सिंधू म्हणून एक दोन लेकरांची आई होती, तिचा हात तर तीन रविवार गाठीवरच अडला होता. मावशी तिला रागावली नाही. ती फक्त म्हणाली, “लाज काठावर ठेवून ये. जाताना घेऊन जाजो, कोनी चोरत नाई.”

माझ्या बाबांचा हातमाग आहे. ओलं लुगडं किती जड होतं ते तुझ्या बापाला विचारून ये, असं मावशीने एकदा सांगितलं. बाबा विचारात पडले. सूत, रंग, काठ, पदर यांबद्दल त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मागावरून उतरवलेलं लुगडं हौदात बुडवलं, दोन्ही हातांनी वर काढलं आणि बराच वेळ तसंच धरून उभे राहिले. मग आत गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी बारीक सुताचं, हलकं, निळ्या काठाचं एक लुगडं विणून मावशीसाठी दिलं. तिने ते गालाला लावून पाहिलं. “लय हलकं हाये. पन माह्या बाया बाजारातलंच नेसतीन, मंग जडमधीच शिकवा लागन.” ते तिने पेटीत ठेवून दिलं.

गाठ सोडायचं शिकवतात ही बातमी गावात पसरली आणि त्या बातमीचं जे व्हायचं ते झालं. डबेवाली पोरीसोरींना तलावात लुगडं फेडायला शिकवते, असं पारावर बोललं जाऊ लागलं. मग सोसायटीची बैठक झाली आणि निरोप आला, बायका पाण्यात उतरल्याने मत्स्यबीज मरतं, सबब तलावात उतरणं बंद. म्हशी रोज त्याच पाण्यात लोळत होत्या, त्यांच्यामुळे काही मरत नव्हतं. मी तावातावाने अर्ज लिहायला बसले. मावशीने माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि भुरीकडे गेली.

“भुरे, सांग त्याईले. बाईच्या अंगाच्या पान्यानं मासोळी मरते म्हन्तेत, तं बाईचा हात लागूनबी मरत असन. आता आम्ही नाई लावत हात. बाजार त्याईनंच करावा.”

त्या गावात जाळं टाकणं पुरुषांचं काम आणि बाजारात मासोळी विकणं बायकांचं. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नाही. आसगावच्या बाजाराच्या दिवशी एकाही बाईने टोपली उचलली नाही. सकाळी पुरुषच टोपल्या घेऊन निघाले, थोडे हसत, थोडे गुरगुरत. मी मुद्दाम बाजारात गेले. आयुष्यात इतकं समाधान देणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांनी मासोळी उन्हात, प्लॅस्टिकवर मांडली होती. बायका खाली पळसाची पानं घालतात, वरून ओलं पोतं टाकतात, घटकाघटकाला पाणी शिंपडतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. गिऱ्हाईक साफ करून मागे, तर मासोळी कापायची पावशी, म्हणजे विळी, कुणीच आणलेली नव्हती. एकाने खिशातल्या चाकूने रोहू कापायला घेतली आणि आधी स्वतःचं बोट कापलं. घासाघीस करायचीही त्यांना लाज वाटे. दुपारपर्यंत वास सुटला, बाजारातली कुत्री गोलाकार बसली. संध्याकाळी टोपल्या भरलेल्याच परत आल्या आणि नदीकाठी पुरल्या गेल्या. पुढच्या बाजारालाही तेच झालं. त्यानंतर सोसायटीचा दुसरा निरोप आला. पूर्वेकडच्या कोपऱ्यात बायकांना उतरता येईल.

“पान्याले कोपरा रायते का?” मावशी म्हणाली. पण तिने तो घेतला आणि दर रविवारी थोडा-थोडा वाढवला. भासऱ्याची नात मात्र आली नाही. तिच्यासाठीचं बोलणं भुरीशी चालूच राहिलं.

लोक मला विचारतात, त्यानंतर एकही डोंगा उलटला नाही, मग एवढं शिकून उपयोग काय झाला? हा प्रश्न विचारणारा अजून मला एकही असा भेटला नाही ज्याला स्वतःला पोहता येत नाही. मागे एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, सामाजिक कार्यातून तुम्ही काय शिकलात. नेतृत्व, संवाद, संघभावना असं काही त्यांना हवं होतं. मी सांगितलं, बुडताना लुगड्याची गाठ एका हाताने कशी सोडायची ते शिकले. नोकरी मिळाली नाही. मी तेच उत्तर पुन्हा देईन.

यंदा दसऱ्याच्या आधी मावशी गेली. ताप आला, डोक्यात गेला, आठवडाभरात सगळं आटोपलं. पाण्याने तिला नेलं नाही, एवढीच एक गोष्ट त्या दिवशी मला बरी वाटली. पेटीतलं निळ्या काठाचं लुगडं आम्ही तिच्या अंगावर घातलं. अखेर तिला हलकं नेसवलं, आता तिची काही हरकत नव्हती. मी खूप रडले, आणि तिला ते आवडलं नसतं हे ठाऊक असूनही रडले.

पुरुष तिला नदीकडे घेऊन गेले. मयतीची आंघोळ करायला बायका तलावावर आल्या. एक बुडी मारायची, ओल्या अंगाने घरी परतायचं, अशी रीत. पहिली सिंधू उतरली. तिने बुडी मारली, वर आली आणि काठाकडे वळलीच नाही. ती पुढे निघाली, सरळ, समोरच्या पाळीकडे. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, मग मी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लुगडी पाण्यावर फुगत होती, बसत होती. पूर्वेचा कोपरा कधीच मागे पडला होता आणि आम्ही भर तलावात होतो. पलीकडे पोहोचून वळून पाहिलं तेव्हा नदीवरून परतलेले पुरुष पाळीवर उभे होते, ओल्या धोतरांनिशी. त्यांच्यापुढे भासरा होता. तोंड फिरवायची रीत त्या दिवशी तो विसरला असावा, कारण तो आमच्याचकडे बघत होता.

आम्ही पोहत परत आलो. कुणीतरी काही बोलेल म्हणून मी जबडा आवळून तयार होते. भासरा आमच्याकडे आलाच नाही. पाळीवरच्या बाभळीखाली भुरी बांधलेली होती, सकाळपासून तिला कुणी पाणी दाखवलं नव्हतं. तो तिच्यापाशी गेला, दावं सोडलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भुरे, सांग तिले. नात उद्या येईन. डबा चांगला बांधजा म्हनावं.”

मग तो भुरीला घेऊन पाण्यात उतरला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तिला धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली. घरात सुतक होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी तिला विचारलं, “पोहता येते का?” तिने मान हलवली, नाही. मी तिच्या पाठीला डबा बांधला, आणि गाठ अशी मारली की तिला ती एका हाताने सोडता यावी.